हिरोच्या नावाची हातगाडी

मलकापूरच्या टॉकीजसमोर तो हातगाडी घेऊन उभा असायचा. नाव कधी विचारलं नाही. कपाळावर लाडक्या नटासारखी बट, बोलण्याआधी ती फुंकरीनं उडवायची सवय. त्या नटाच्या चाहत्यांचं मंडळ पूरग्रस्तांसाठी कपडे जमवत होतं. मी माझा कोपरावर विरलेला कोट दिला. त्यानं तो उन्हात धरला, त्यातून आरपार मला पाहिलं आणि परत केला.

"नाही जमत जी. हे आमच्या हिरोच्या नावानं जाऊन राह्यलं. पूरवाले म्हनतीन, याचे चाहते असे फाटके!"

मग माझ्या अंगातल्या नव्या सदऱ्याकडे बघत त्यानं बट फुंकली आणि थांबला. थांबूनच राहिला.

विरलेला कोट बनियनवर चढवून घरी पोचलो. बायकोनं दार उघडलं.

"काऊन जी, पूर आपल्या गावात आला का?"