कासवीचं माप

पनवेलला मी इतकी वर्षं ब्लाउज शिवतेय की बायका मला चेहऱ्यापेक्षा पाठीवरून लवकर ओळखू येतात. त्यातली एक पाठ मात्र बाईची नव्हती.

माझी लेक खारघरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिचा प्रकल्प समुद्री कासवांवर. वनखात्याची परवानगी काढून ती हिवाळाभर दर रविवारी पहाटे उरणच्या किनाऱ्यावर जायची आणि वाळूतल्या नुसत्या खुणा बघून परत यायची. कासवी अंधारातच अंडी घालून निघून गेलेली असायची. एकीचं तरी माप मिळालं नाही, तर प्रकल्प अर्धाच राहणार होता. हंगामातल्या शेवटच्या रविवारी ती तोंड पाडून निघाली, तेव्हा मीही निघाले. तिथल्या एका कोळीण मावशींच्या सुनेला ब्लाउज घालून बघायचे होते. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी.

आम्ही पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. मावशी दारातच उभ्या होत्या. "ताई, ब्लाउज ऱ्हाऊ दे. चला लवकर, ती अजून हाय."

सुरूच्या झाडांपुढे कासवी वाळूत खड्डा करून अंडी घालत होती. लेकीने पिशवी उलटीपालटी केली. टेप घरी राहिली होती. कधी लागतच नाही म्हणून तिनेच काढून ठेवलेली. तिचे डोळे भरून आले. मी पर्समधून माझी टेप काढली. शिवणकाम करणारीच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, टेप असतेच.

"आता नाय," मावशींनी माझा हात धरला. "म्हायेराला आली हाय ती. पोट मोकळं होऊ दे."

आम्ही थांबलो. अंडी घालून झाल्यावर कासवीने मागच्या पायांनी वाळू लोटली, वर सगळं अंग आपटून ती चोपली आणि समुद्राकडे वळली. लेकीने लिहायला वही उघडली आणि टेप मीच धरली, मानेपासून शेपटीपर्यंत, पाठीच्या फुगवट्यावरून. गिऱ्हाइकांना सांगावं लागतं, पोट आत ओढू नका. हिने फुस्स करून नुसता उसासा टाकला.

"एकोणतीस इंच," मी म्हणाले.

लेक दचकली. "आई, एवढी मोठी?"

"सत्तावीस. दोन इंच सैल धरलेत."

हाताची सवय, दुसरं काय. मावशी हसत वाळूतच बसल्या. लेक हसता हसता रडायला लागली. कासवी पहिल्या लाटेत शिरली आणि तिने वळूनही पाहिलं नाही. मला इतका आनंद झाला होता की ब्लाउज तसेच घेऊन मी घरी आले.

दीड महिन्याने त्या घरट्यातून पिल्लं निघाली. मलाही बोलावणं होतं. लेकीने एक पिल्लू तळहातावर घेतलं. माझी टेप तिच्या गळ्यात होती, तिने ती परत दिलीच नव्हती. पिल्लू पुरतं दोन इंचही भरेना.

"आई, याला किती सैल धरायचं?" तिने विचारलं.

मला तिचा शाळेचा पहिला गणवेश आठवला, गुडघ्यांच्या खाली लोंबणारा.

"भरपूर धर," मी म्हणाले. "वाढतं अंग आहे."

तिने हात वाळूला टेकवला. पिल्लू उतरलं आणि समुद्राकडे चालू लागलं.