डोंगर उजव्या हाताला

शरदकाकांची आणि माझी शेवटची भेट ब्योब्लिंगेनच्या हॉस्पिटलात झाली. हृदय थकलं होतं, जीभ मात्र ठणठणीत. "अगं, यांनी सूपमध्ये जरा मीठ घातलं तर मी अजून काही दिवस काढीन," म्हणाले. इंगेकाकू कॉफी आणायला बाहेर गेल्या तसे हळूच म्हणाले, "मी गेल्यावर ही घराबाहेर पडायची नाही. हिला आपल्या डोंगरावर ने." मी हो म्हटलं... आणि त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला.

काका तरुणपणी इंजिनियर म्हणून पुण्याहून जर्मनीला आले, इंगेकाकूंशी लग्न करून इथलेच झाले. दोन हजार दोन साली मी स्टुटगार्टला शिकायला आले, तेव्हा गणपतीत ओळख झाली आणि पुढच्याच रविवारी दोघं मला श्वेबिश आल्बमधल्या त्यांच्या लाडक्या डोंगरावर घेऊन गेले. माथ्यावरून गोल फिरून पुन्हा गाडीपाशी आणणारी, दिवसभराची वाट. पायथ्याशी तिला दोन फाटे फुटतात. पाटीवरचा बाण उजवीकडे होता : उभ्या दगडी पायऱ्यांनी चढा, पलीकडच्या सोप्या उताराने खाली या. काका सरळ डावीकडे वळले. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या मराठी शिकल्या सासूबाईंकडून, त्यामुळे नवऱ्याला अजूनही 'अहो शरद' म्हणत.

"आल्झो, अहो शरद, पाटी वाचा ना."

"वाचली. पाटी लावणाऱ्याला प्रदक्षिणा ठाऊक नाही. डोंगर उजव्या हाताला राहिला पाहिजे."

त्यानंतर कित्येक रविवार आम्ही तो डोंगर उलटा केला. सोप्या बाजूने चढायचं आणि गुडघे कुरकुरायला लागले की नेमक्या त्या उभ्या पायऱ्या उतरायच्या. एकच लोखंडी कठडा, आणि समोरून अख्खा जर्मनी घामाघूम होऊन वर येत असायचा. काका प्रत्येकाला वाट देत, 'ग्र्युस गॉट' म्हणून रामराम करत. कुणी 'तुम्ही उलटे चाललात' म्हणालं तर 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून हसत पुढे जात. एकदा मी आगाऊपणा केला. "काका, आपण माथ्यावरून जातो म्हणजे देवाच्या डोक्यावरूनच की. ही कसली प्रदक्षिणा?" त्यांनी बराच विचार केला आणि पुढच्या खेपेपासून माथ्यावर अनवाणी चालू लागले. अकलेचे तारे मी तोडले, गारठले त्यांचे पाय. काकू मागून त्यांचे बूट उचलून आणायच्या आणि चहा ओतताना दर वेळी म्हणायच्या, "एकदा तरी मला पाटीच्या बाजूने जायचं आहे." काका म्हणायचे, "पुढच्या वेळी." त्या दोघांबरोबर असताना मला परदेशात असल्यासारखं कधी वाटलं नाही.

काका गेले आणि काकूंनी खरोखरच दार लावून घेतलं. मी दर रविवारी जायची, डोंगराचा विषय काढायची, त्या मान हलवायच्या. एवढं एकच काम काकांनी सांगितलं होतं आणि तेही जमत नव्हतं. परतताना बसमध्ये मला रडू यायचं. गेल्या रविवारी मी काही विचारायचंच नाही असं ठरवून गेले, तर काकू बूट घालून, थर्मास घेऊन दारात उभ्या.

पायथ्याशी पोचलो. मी सवयीने डावीकडे वळले. काकू पाटीपाशीच थांबल्या.

"तिकडे नाही."

"काकू, पण काका..."

"शरद त्यांच्याच बाजूने येणार. ते कधी कुणाचं ऐकतात का?" त्या पायऱ्यांकडे बघत होत्या. "त्यांच्या मागून गेलो तर दिवसभर गाठ पडायची नाही. आपण इकडून जाऊ. समोरून येतील."

त्यांनी कठडा धरला आणि चढायला लागल्या. मीही मागून निघाले, मान वर करून, वरून कोण येतंय ते बघत.