शिधा बाईंचा, हात लेकीचा

आमच्या डॉक्टरीणबाईंचा आधी हाताचा तळवा वर जायचा, मग स्टेथोस्कोप कानाला लागायचा. म्हाताऱ्या माणसाला घेऊन आलेला मुलगा किंवा सून बोलायला लागली, की तळवा वर. "दुखतंय त्यांना. बोलतील तेच."

श्रीगोंद्याच्या दवाखान्यात मी तेव्हा कंपाउंडर होतो. तुम्हीही पाहिलं असेल, म्हातारं माणूस डॉक्टरपुढे नेलं की त्याचं गाठोडं होतं. आणणारा बोलतो, डॉक्टरही त्याच्याशीच बोलतो, आणि गाठोडं घरी परत जातं. बाईंपुढे हे चालत नसे. एखादी आजी गुडघ्यापासून सुरुवात करून थेट चुलतजावेच्या भांडणापर्यंत पोचायची. बाहेर रांग खोळंबलेली. मी दारात उभा राहून खाकरायचो. "नाडी कुठं पळून जात नाही," बाई म्हणायच्या. मी मनातल्या मनात चरफडायचो.

दुष्काळाच्या साली जामखेडकडचे एक आबा आले. गावातली विहीर आटली, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून लेकीनं त्यांना इकडे आणलेलं. इथे येऊन मात्र ते वाळतच चालले होते. टॉनिकं झाली, इंजेक्शनं झाली.

"खातच न्हाईत वो," लेक डोळ्यांना पदर लावून म्हणाली. "च्या बी घेत न्हाईत. देवळात कुनी काय दिलं तर तेवढंच."

तळवा वर गेला. बाईंनी लेकीला बाहेर बसवलं आणि आबांच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या. आबा हळूच म्हणाले, "लेकीला अजून मूलबाळ न्हाई. नातवंडाचं तोंड बघितल्याबिगर लेकीच्या घरचं अन्न खात न्हाईत आमच्यात. पर हे तिला कोन्या तोंडानं सांगू? आदीच लई सोसतीया."

मला वाटलं, आता खुळ्या समजुतींवर व्याख्यान होणार. बाईंनी एवढंच विचारलं, "आबा, शिधा दुसऱ्यानं दिला आणि लेकीनं नुसता रांधला, तर?"

आबांनी विचार केला. "चालतंय की. शिधा ज्याचा, अन्न त्याचं."

"मग शिधा माझा."

बाहेर येऊन त्या लेकीला म्हणाल्या, "मी पीठ पाठवीन. यांच्या पोटाला तेच मानवेल." लेकीनं मान खाली घातली आणि "बरं" म्हणाली. तिला सगळं कळलं होतं, असं मला वाटतं.

दर बाजारच्या दिवशी ज्वारीचं पीठ, डाळ आणि गुळाचा खडा पोचवायचं काम माझ्याकडे आलं. औषधाच्या बाटल्या भरणारा मी पिठाचा हमाल झालो. पण आबांच्या गालांवर मांस चढायला लागलं, तेव्हा मलाच त्याचा अभिमान वाटू लागला. असा डॉक्टर मी पुन्हा पाहिला नाही.

आणि बाईंची बदली झाली, तीही तडकाफडकी. जाताना म्हणाल्या, "आबांचं बघा."

बाजारच्या दिवशी मी माझ्या घरचं पीठ घेऊन गेलो. आबा ओट्यावर बसले होते. लेक आत चुलीशी होती.

"बाई?"

"बदली झाली, आबा. गेल्या."

"मंग ह्यो शिधा कुनाचा?"

"माझा."

त्यांनी पिशवी परत माझ्याकडे सरकवली. आता हा माणूस पुन्हा उपाशी बसणार.

आबा रस्त्याकडे बघत राहिले. "बापाला कुनी पुसत न्हाई येवढं पुसलं मला त्या डाक्टरीण पोरीनं," ते म्हणाले. "ती बी लेकच की माजी. म्हंजी इतकं दीस म्या लेकीचंच खाल्लं. काय वंगाळ झालं?"

मग आत तोंड करून म्हणाले, "पोरी, तुज्या घरच्या पिठाची भाकर टाक."

मी आत डोकावलो. लेक परातीत हात तसेच ठेवून रडत होती. बाई इथं असायला हव्या होत्या, असं मला फार वाटलं.

तिची पहिली भाकरी करपली. आबांनी ती तशीच मागून घेतली आणि खाल्ली.