कोलकात्याला गेलेली फाइल

नोकरीत मोठमोठे गुन्हे पाहिले, पण एका बनावट कागदाचे प्रकरण मला अजूनही अधिक आठवते.

तेव्हा मी नागपुरात ठाणेदार होतो. आयकर कार्यालयातून लेखी तक्रार आली. गांधीबागेतल्या एका साडी व्यापाऱ्याला माल पुरवणाऱ्यावर कोलकात्यात छापा पडला होता. संबंधितांची चौकशी एकाच अधिकाऱ्याने करावी म्हणून या व्यापाऱ्याचे प्रकरणही तिकडे वर्ग झाले होते. व्यापाऱ्याने मात्र ते वर्ग करणे रद्द झाल्याचा आदेश आणून दाखवला. त्यावरचा क्रमांक तपासला, तर तो दुसऱ्याच कागदाचा निघाला.

व्यापारी सत्तरीचा, विणकर घराण्यातला, नंदनवनात राहणारा. फायदा त्याचा, म्हणून संशयही त्याच्यावरच.

"कागद कोणी दिला?"

"आठवत नाही, साहेब."

"कोलकात्याला काहून जायचं नव्हतं?" मी त्याच्याच बोलीत विचारले.

"बायकोचं डायलिसिस चालू हाये, आठवड्यातून तीनदा. घरी दुसरं कोणी नाही. तिले सोडून कसा जाऊ?"

खोटे बोलणारा बहुधा जास्त बोलतो. हा मोजके बोलत होता. कोणाला तरी वाचवत होता.

मी त्याच्या कर सल्लागाराकडून जुना पत्रव्यवहार मागवला. तिथल्या कारकुनाने टाइप केलेल्या प्रत्येक पत्रात व्यापाऱ्याच्या आडनावातले एक अक्षर चुकले होते. बनावट आदेशातही तीच चूक.

पन्नाशीच्या त्या कारकुनापुढे दोन्ही कागद ठेवले. तो रडायलाच लागला.

"साहेब, वर्ग करायच्या आधी हरकत विचारणारी नोटीस आली होती. मी अर्ज टाइप बी केला, पण द्यायचाच राहून गेला. मुदत निघून गेली. साडीवाल्या काकाले कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून हा रद्दचा आदेश मीच बनवला."

व्यापाऱ्याला पुन्हा बोलावले.

"कागद खोटा हाये हे मले तुमच्याकडूनच समजलं, साहेब. पण त्याचं नाव सांगून त्याची नोकरी खाऊ का? दुकानात मी अडकलो की बायकोले दवाखान्यात तोच नेऊन राहिला."

कारकुनावर दोषारोपपत्र दाखल केले; त्यात सवलत दिली नाही. व्यापाऱ्याला म्हटले, खरी अडचण लिहून दवाखान्याचे कागद जोडा आणि अर्ज करा. वरिष्ठ आयकर अधिकाऱ्यांनी त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि काही आठवड्यांनी प्रकरण रीतसर नागपूरला परत आले.

कारकुनाच्या जामिनाच्या दिवशी कोर्टात जामीनदार म्हणून तोच व्यापारी उभा होता. मी पाहतच राहिलो. तो म्हणाला, "चुकला तो, साहेब. पण वाईट नाही."

तपासात आम्ही पहिल्यांदा विचारतो, फायदा कोणाचा? त्यानंतरच्या नोकरीत मी प्रत्येक आरोपीबद्दल आणखी एक प्रश्न स्वतःला विचारत आलो: याला कशाची लाज वाटली असेल?