राघूचा डोळा

मी पदवीपर्यंत पोचलो तो माझ्या थोरल्या आत्तीमुळे. दहावीनंतर वडील "आता बास" म्हणाले, तेव्हा त्यांची ही विधवा बहीण त्यांच्याशी भांडली आणि मला सांगलीला धाडलं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

आत्ती आष्ट्याजवळच्या आमच्या गावात लग्नघरांच्या भिंती रंगवायची. दाराच्या दोन्ही अंगांना केळीचे खांब, वर तोरण, तोरणावर राघू-मैना. राघूचा डोळा मात्र कोरा ठेवायची. नवरी माप ओलांडून आत आली, की तिचं बोट काजळात बुडवून तिच्याच हातानं तो डोळा उघडायची. त्याआधी चित्र पुरं झालं असं ती मानत नसे.

पदवीनंतर मी सांगलीतच विश्रामबागेतल्या एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवायला लागलो. भावाच्या लग्नाला दुकानाचे मालक आले आणि वरात पोचायच्या आधीच त्यांनी भिंतीचा फोटो घेतला. आत्ती पदर सावरून बाजूला उभी होती, खूश होती. पुढच्या लग्नसराईत तेच चित्र स्कॅन होऊन, रंग भरून, फ्लॉपीवरून छापखान्यांत गेलं. खाली दुकानाचं नाव आणि 'सर्व हक्क राखीव'.

कुपवाडच्या पाहुण्यांची पत्रिका गावी आली. आत्तीनं ती उजेडाला धरली.

"आरं, ह्यो माझाच राघू. आंधळाच फिरतोय की गावोगाव!"

मी मालकांना म्हणालो, निदान तिचं नाव तरी टाका. माणूस वाईट नव्हता.

"अरे, असली चित्रं दारोदार असतात. कॉम्प्युटरवर राबलो आपण."

ओळखीच्या वकिलानं मूळ चित्र मागितलं. त्यावर दिवाळीचा चुना कधीच बसला होता.

आत्तीला वकील नको होता. "नाव नगं रं. डोळा तेवढा घाला म्हणावं."

"एवढंच ना? एक टिंब!" मालक हसले आणि त्यांनी माझ्यासमोर माउसनं ते टिंब दिलं. नवी पत्रिका मी हौसेनं घरी नेली. आत्तीनं त्या टिंबावर बोट ठेवलं.

"आन् नवरी कुठाय?"

त्यानंतर तिनं कुंचला धरला नाही. कुणी बोलवायला आलं की म्हणायची, "कागदावर हाय की आता. मी कशाला?"

मी दुकान सोडून सातारला छापखान्यात लागलो. माझं लग्न ठरल्यावर तिला लिहिलेलं हे पत्र:

'आत्ती, नमस्कार. माझी पत्रिका नुसत्या अक्षरांची केली आहे, चित्र घातलेलं नाही. दाराशेजारच्या भिंतीला चुना द्यायला दादाला सांगितलं आहे. तुझं मन होत नसेल तर ती तशीच राहू दे, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही. आता वयानं हात कापतो म्हणून मागं राहू नकोस. रेघ वाकडी आली तरी चालेल. होणाऱ्या नवरीला मी सगळं सांगितलं आहे. ती विचारत होती, काजळात कोणतं बोट बुडवायचं.'