सातव्या माळेचा घास

शाहूवाडीकडच्या त्या दोन-शिक्षकी शाळेत अंबूबाई कित्येक वर्षं पोरांचं जेवण रांधत होती. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. ताटात भात टाकून उठणाऱ्या पोराची ती तिथंच खरडपट्टी काढायची आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच आग्रहानं वाढायची. शिजलेलं आधी स्वयंपाकिणीनं खायचं, मग गुरुजींनी, मग पोरांनी, असा नियम होता. तो तिला कधी जड गेला नाही. उलट चव बघायच्या नावाखाली ती चांगली वाटीभर खिचडी हाणायची.

नवरात्रात मात्र पंचाईत झाली. अंबूबाईचा उपवास, जोडीच्या तानाबाईचा उपवास, हंबीरराव गुरुजींचाही उपवास. दुसरे गुरुजी तालुक्याला प्रशिक्षणाला गेलेले. मग चव कोण घेणार? घट बसल्यापासून कुणीच घेतली नव्हती. पंगतीतल्या एखाद्या पोराला हाक मारायची, मीठ बरं आहे का विचारायचं, की झालं काम. तिघंही देवभोळी, भली माणसं, पण एकालाही यात काही वावगं वाटलं नाही.

अंबूबाईचा उपवास असातसा नव्हता. सुनेचा, निशिगंधाचा, गर्भ दोनदा अर्ध्यावरच पडला होता. आता पुन्हा सातवा महिना लागला होता. ‘नऊ दिवस दूध-पाण्यावर काढतो, अन्नाला तोंड लावत न्हाय, पर एवढं लेकरू पदरात घाल,’ असा नवस अंबूबाई अंबाबाईच्या देवळात बोलून आली होती. आज सातवी माळ होती.

आणि आजच खिचडीचं झाकण काढताना तिच्या नाकाला काहीतरी खटकलं. रॉकेलासारखा उग्र वास. तेलाचा डबा आज सकाळीच फोडलेला. तेलातच काही भेसळ असली तर?

“तानू, वास येतोय का गं?”

तानाबाईनं वाकून वास घेतला. “मला तर न्हाय येत. उपाशी नाकाला सगळंच उग्र लागतंय, आक्का.”

गुरुजींनाही नक्की सांगता येईना. ते नुसतेच घुटमळत राहिले. बाहेर पोरं ताटल्या वाजवायला लागली. खिचडी ओतून द्यावी, तर धनगरवाड्यावरनं सकाळी काहीही न खाता उतरलेली पोरं संध्याकाळपर्यंत उपाशी राहणार. वाढावी, तर हात धजत नव्हता.

“रोजच्यागत एका पोराला दिऊन बघ की,” तानाबाई म्हणाली आणि तिनं दारातनंच हाक मारली, “मोने, हिकडं ये गं!”

पहिलीतली मोना पळत आली. फ्रॉकला हात पुसून तिनं तळवा पुढं केला. तानाबाईनं त्यावर घासभर खिचडी ठेवली. पोरगी फुंकर मारायला लागली. सहा दिवस आपण हेच करत आलो, हे अंबूबाईला आत्ता कळलं आणि स्वतःची शिसारी आली.

“थांब!” ती ओरडली. मोनाच्या तळव्यावरचा घास तिनं ओढून घेतला आणि तोंडात टाकला.

“आक्का, नवस!” तानाबाईनं कपाळावर हात मारला.

अंबूबाईनं घास चावून चावून गिळला. मग आणखी वाटीभर घेऊन खाल्ली.

“बरी हाय न्हवं?” गुरुजींनी विचारलं.

“थांबा. पोटात काय हुतंय बघू द्या.”

ती भिंतीला टेकून बसली. मळमळतंय असं वाटायचं, पुन्हा नाही वाटायचं. पोरांचा गलका वाढत होता. गुरुजी दोनदा येऊन गेले, पण ती हलली नाही. अखेर ती उठली आणि स्वतःच्या हातानं पंगत वाढली. खिचडी चांगली होती. वास कसला होता, ते कळलंच नाही. नवस फुकट मोडला होता.

शाळा सुटल्यावर ती घरी आली. निशिगंधा अंगणात तांदूळ निवडत होती. अंबूबाई तिच्यासमोर बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

“मोडला?” निशिगंधाचा हात पोटावर गेला. डोळे भरून आले. “आन् खिचडीत काय निघालं?”

“कायबी न्हाय.”

अंबूबाईला मान वर करायचा धीर होईना.

“आत्ती,” निशिगंधा म्हणाली, “ह्ये वाचलं, तर तुमच्याच शाळंत जेवाय बसणार न्हवं का?” तिनं डोळे पुसले. “उद्याबी खाऊनच वाढा.”