चिनी पाढा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सुरू झाले की मी मध्ये थांबत नाही. चहा घ्या. साखर कमी आहे, ती लेकीची कृपा.

तर माझी लेक मृण्मयी, म्हणजे आमची मनू, नेदरलँड्समध्ये संशोधन करते. कशावर? चिनी बोलणाऱ्या लहान मुलांमधल्या डिस्लेक्सियाच्या सुरुवातीच्या लक्षणांवर! मुलगी चिंचवडची, घर न्यूनेनला आणि मुलं चिनी. नातेवाइकांना मी नुसतं "कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगून मोकळी होते.

उन्हाळ्यात तिच्याकडे गेले तेव्हा पहिल्याच दिवशी विचारलं, "अगं, त्यांचं एकेक अक्षर म्हणजे चित्र. ना काना ना मात्रा. त्यात अडायचंय काय?"

"अडतात ना, आई. आणि वाचायला शिकायच्या आधीच खुणा दिसायला लागतात. ओळखीच्या चित्रांची नावं पटापट सांगता येत नाहीत, शब्दांचे चढउतार वेगळे ओळखू येत नाहीत. लवकर कळलं तर हेल्प करता येते. नाहीतर सगळे म्हणतात, पोरगी आळशी आहे."

मी मान डोलावली. सगळं समजलं, असं मला वाटलं. इथेच तर घात झाला!

न्यूनेनजवळच आइंडहोवनला चिनी मुलांची शनिवारची शाळा भरते. तिथे एका खोलीत मनू आणि तिची चिनी मदतनीस एकेका मुलाला बोलवायच्या. बाहेर बाकीची पोरं सांभाळायला एक मुलगी असायची. ती आजारी पडली आणि मनूनं माझ्याकडे पाहिलं.

"आई, फक्त बसायचंय. शिकवायचं नाही."

"मी कशाला शिकवते?" मी म्हणाले. आयुष्यभर पहिली-दुसरीचे वर्ग घेतलेल्या बाईनं हे म्हणावं!

पहिला शनिवार सरावाचा होता. मुलांसमोर चित्रांचा कागद ठेवायचा. त्यावर कुत्रा, फूल, मासा, पुस्तक आणि पुढे तीच चित्रं वेगवेगळ्या क्रमानं. मुलांनी भराभर नावं सांगायची. दार लोटलेलं, पण माझे कान शिक्षिकेचे. आतून एकेक पोर "गोऊ, ह्वा, यू, शू, ह्वा, शू, गोऊ, यू" असं धडाधडा म्हणत होतं. पुस्तकाला ते लोक शू म्हणतात हे मला फार पुढे कळलं, त्याला माझा इलाज नाही.

शेवटी एक सहा वर्षांची मुलगी आत गेली. नाव आन-आन, मी तिला अनूच म्हणायचे. तिचं मात्र "गोऊ…" आणि शांतता. "ह्वा…" आणि पुन्हा शांतता. बाहेर आली ती खालचा ओठ दाताखाली धरून. माझा जीव कसा कासावीस झाला म्हणून सांगू! पुढच्या शनिवारी खरी परीक्षा, आणि माझ्या डोळ्यांदेखत पोर नापास होणार?

"यात पास-नापास नसतं गं आई," मनू म्हणाली होती. पण हे तर आपण प्रत्येक परीक्षेआधी मुलांना सांगतोच की!

पुढच्या शनिवारी मनू स्टेशनवर तिच्या मदतनीस मुलीला आणायला गेली होती, तेवढ्यात मी मांडी ठोकून बसले आणि अनूला समोर घेतलं. तिला मराठी येत नाही, मला चिनी येत नाही. डचमध्ये मला फक्त 'दांक यू वेल' येतं, तेही बसमधून उतरताना. पण पाढ्याला भाषा लागते का हो? इतकी पोरं ऐकून तो सबंध कागद मला तोंडपाठ झाला होता. अर्थ? पाढ्याचा अर्थ कुणी विचारलाय आजपर्यंत?

टाळी वाजवली आणि बे एकं बेच्या चालीवर सुरू केलं. "गोऊ ह्वा यू शूऽऽ, ह्वा शू गोऊ यूऽऽ!" अनू डोलायला लागली. मग उरलेली पोरंही आली. मागे-पुढे झुलत सगळा वर्ग गर्जू लागला. मला तर चिंचवडला परत गेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी मनू हवेत होती. "आई, आज सगळ्यांचे टायमिंग्ज अमेझिंग! आन-आन तर सगळ्यात फास्ट! योहानाला सांगायलाच हवं." योहाना म्हणजे तिची डच मार्गदर्शक. मी नम्रपणे पोळ्या लाटत राहिले. श्रेय घ्यायची मला सवय नाही.

तिसऱ्या शनिवारी योहाना स्वतः आली. आणि तिच्याआधी आली अनूची आई. अनूचे डोळे रडून लाल झालेले.

मी इंग्रजीत विचारलं, "काय झालं हिला?"

"काही नाही, आंटी," ती म्हणाली. "मला इतके दिवस वाटायचं, हिला खरंच काही अडचण आहे. म्हणून रागवत नव्हते. गेल्या शनिवारी ही सगळ्यात पुढे होती असं कळलं, म्हणजे हिला सगळं येतं. नुसता आळस! आता रोज अभ्यासाला बसवते आणि रागावते."

माझ्या हातातला चहा हातातच राहिला. आळशी! मनूनं पहिल्याच दिवशी सांगितलेला शब्द, आणि तो त्या लेकराच्या कपाळी मी चिकटवला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आता खरं सांगायलाच हवं, म्हणून मी खोलीच्या दाराशी धावले.

पण आत योहाना आधीच नवा कागद पुढे करत होती. चित्रं तीच, क्रम मात्र पार बदललेला. पहिलंच चित्र माशाचं. अनूनं मागे-पुढे झुलायला सुरुवात केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गोऊ ह्वा यू शूऽऽ!"

मदतनीस कागदाकडे बघत राहिली. योहाना भुवया उंचावून म्हणाली, "ही कुठली चाल आहे?"

ती चाल त्या खोलीत एकाच बाईला माहीत होती. तिलाही ती लहानपणी मीच शिकवली होती.

"आऽऽई!" मनू किंचाळली.

सगळं सांगितलं. अगदी टाळ्यांसकट. मनूचे दोन शनिवार पाण्यात गेले. अनूच्या आईकडे जाऊन मी म्हणाले, "पोरगी आळशी नाही हो. तिनं पाठ केलं, कारण मी पाठ करून घेतलं. अडतंय तिला खरंच."  मग तिथेच गुडघ्यांवर बसून तिनं अनूला घट्ट जवळ घेतलं. मला रडू आवरेना.

पुढच्या शनिवारी नवी चित्रं आणली आणि मला लांबच्या कोपऱ्यात बसवलं. अनू अडली, पुष्कळ अडली, पण या वेळी कुणी रागावलं नाही. तिला मदत कशी मिळेल हे मनूनं तिच्या आईला नीट समजावलं.

निघताना अनू तो जुना कागद घेऊन माझ्याकडे आली आणि तिसऱ्या ओळीतल्या एका चित्रावर बोट ठेवून उभी राहिली. कुत्रा की मासा, फूल की पुस्तक, कशाला चिनीत काय म्हणतात याचा मला पत्ताच नाही! मग काय करणार? मी मुकाट्यानं पहिल्यापासून सुरू केलं. "गोऊ ह्वा यू शू…" मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून. अनू खिदळत होती. योहाना मुलांचा वेळ मोजायच्या घड्याळावर माझा वेळ मोजत उभी होती. माझ्या मुलीच्या वयाची ती, पण तिथे सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात.

"सुनंदा," ती म्हणाली, "आन-आनकडे आपण वेळेत पोहोचलो. तुझ्या बाबतीत मात्र सुरुवातीची लक्षणं म्हणायला जरा उशीर झालाय."